कुसुमताईंच्या केसांचा प्रश्न

आजार हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, अशी समजूत ज्या गावात पसरते त्या गावाचे दिवस भरले असं खुशाल समजावं. रत्नागिरीत, निदान आमच्या आळीत, ही साथ अजून पोचलेली नाही. आमच्याकडे कुणाला साधं पडसं झालं तरी दुपारच्या आत त्याची खबर जांभ्या दगडाच्या गडग्यांवरून घरोघर फिरते, आणि संध्याकाळी रोग्याला अंथरुणातून उठून, आलेल्या मंडळींसाठी कोकमाचं सरबत करावं लागतं. (यात रोग्याला आपोआप व्यायाम घडतो.) या पद्धतीला 'समाचाराला जाणं' असं नाव आहे. मी जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होतो. अख्ख्या नोकरीत इतकं तत्पर खातं मी पाहिलं नाही, आणि इथे तर कुणाला पगारही नाही.

या खात्याची प्रमुख म्हणजे आमची कमला. तिची निवड कुणी केलेली नाही आणि तिला काढायची हिंमत कुणाची नाही. नवरा म्हणून सांगत नाही, पण नुसत्या खोकल्यावरून रोगी किती दिवसांचा सोबती आहे ते ती सांगते. आजवर तिचा एकही अंदाज खरा ठरलेला नाही. दरवेळी मधे डॉक्टर कडमडतो.

तर शहाऐंशी साली आमच्या गडग्यापलीकडच्या कुसुमताई आठल्ये यांचं प्रकरण खात्यापुढे आलं. कुसुमताई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतात. त्यांचे यजमान चारुदत्त पाटबंधारे खात्यात असून स्वभावाने गप्प आहेत. ताई मुंबईला जाऊन ऑपरेशन करून आल्या. नियमाप्रमाणे आळीतल्या बायका शहाळी घेऊन समाचाराला गेल्या. समाचाराचा क्रम ठरलेला असतो. आधी रोगी किती वाळला ते सांगायचं, मग अशाच आजारात आपल्या नात्यातलं कोण कोण गेलं ते सांगायचं (याला धीर देणं म्हणतात), आणि शेवटी नक्की काय झालंय ते विचारायचं. कमलाने विचारलं. ताईंनी फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं, "स्तनाचा कर्करोग. उजवा स्तन काढला."

सरबताचे पेले तोंडाजवळच थांबले. मग कुणीतरी सरबतात जिरं छान पडलंय म्हणाली. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या आळीत उच्चारला गेलेला नाही. विधानसभेत म्हणतात तसा तो कामकाजातून काढून टाकण्यात आला. मीही इथे लिहिला तो केवळ नाइलाज म्हणून. पुन्हा लिहिणार नाही.

आता अडचण अशी झाली, की समाचार तर चालू राहिला पाहिजे आणि 'ते' तर बोलायचं नाही. मग बोलायचं काय? नुसतं बसून किती वेळ बसणार? आळी खरोखर काळजीत पडली. इतक्यात मुंबईच्या इंजेक्शनांनी कुसुमताईंचे केस गळले, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

केसांबद्दल कुणालाही बोलता येतं. केस डोक्यावर असतात, डोकं चारचौघांत असतं, अब्रूचा प्रश्न येत नाही. शिवाय ताईंचे केस म्हणजे आळीचं भूषण होतं. कमरेच्या खाली, सरळ, काळेभोर. त्या न्हाऊन पडवीत बसल्या की सासवा आपापल्या सुनांच्या वेण्यांकडे बघून उसासे टाकत. ते केस गेल्याचं दुःख आळीने इतकं मनावर घेतलं, की ताईंना स्वतःला दुःख करायला फारशी सवड उरली नाही.

बिनकेसांची बाई आळीने कधी पाहिली नव्हती असं मात्र नव्हे. आठल्यांच्या पलीकडे गंगाकाकू राहतात. त्यांचा नवरा त्यांच्या तेराव्या वर्षी गेला. तेव्हापासून लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि दर पंधरवड्याला सदू न्हावी मागच्या पडवीत येऊन डोकं करून जातो. पूर्वी सदूचा बाप यायचा. तो एखाद्या पावसाळ्यात शेतीच्या कामात अडकला आणि काकूंचे केस बोटभर वाढले, तर आळीच्या डोळ्याला डोळा लागत नसे. माझे वडील स्वतः छत्री घेऊन त्याला आणायला गेल्याचं मला आठवतं. म्हणजे एका बाईचे केस वाढू नयेत याची काळजी आळीने साठ वर्षं वाहिली, आणि आता दुसरीचे वाढावेत म्हणून वाहायला लागली. बायकांच्या केसांच्या बाबतीत आमचा अनुभव दांडगा आहे, एवढंच मला नमूद करायचं आहे.

उपाययोजना ताबडतोब हाती घेण्यात आली. माका, ब्राह्मी, जास्वंदीचं तेल, कांद्याचा रस, आणि एका घराण्यात गुप्त असलेलं एक हिरवं तेल, ज्याच्या वासाने त्या घरातलं मांजर कायमचं निघून गेलं होतं. आळीच्या नाट्यमंडळाने तर कपाट उघडून टोप काढून दिला. भला थोरला अंबाडा आणि त्यावर मोत्यांची जाळी. गणपतीतल्या नाटकात बँकेतल्या श्यामने महाराणीचं काम केलं होतं, त्या वेळचा. चारुदत्तांच्या समाधानासाठी ताई तो घालून एक दिवस शाळेत गेल्या. वर्गातल्या मुली उठून उभ्या राहिल्या त्या बसेचनात, कारण निम्म्यांनी ते नाटक पाहिलेलं होतं. (श्यामचा मात्र भाव वधारला. आठल्येबाई अगदी तुझ्यासारख्या दिसत होत्या, असं त्याला बऱ्याच जणांनी सांगितलं.) ताईंनी टोप विंचरून परत केला आणि डोक्याला सुती रुमाल बांधून शिकवायला सुरुवात केली.

दर तीन महिन्यांनी त्या रातराणी एसटीने मुंबईला तपासणीला जात. परत आल्या की कमला गडग्याशी हजर. ताई रुमाल सोडायच्या, कमला चष्मा लावून बघायची, आणि संध्याकाळपर्यंत आळीत अहवाल फिरायचा. लव दिसू लागली आहे. हाताला लागतं. कानामागे जास्त, टाळूवर कमी. एकदा विजेचा गोळा गेला होता तर चारुदत्तांना गॅसबत्ती धरायला लावून पाहणी पार पाडण्यात आली.

माघात केस नीट दिसू लागले. पण आले ते कुरळे.

याची आळीला मुळीच कल्पना देण्यात आलेली नव्हती. सरळ केस गेले तर सरळच यायला हवेत, ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे. ताई म्हणाल्या, औषधांमुळे होतं असं, पुढे जाईल. हे ज्यांना पटलं त्या थोड्या होत्या. बाकीच्यांच्या मते, आणि त्यांत कमला आली, बाई तपासणीच्या नावाखाली मुंबईच्या पार्लरात बसून केस कुरळे करून घेत होती. "आजारी माणसाला इतकं शोभतं कसं?" हा कमलाचा मुद्दा बिनतोड होता. जिची सहा महिने कीव केली तिचा एकाएकी हेवा वाटायला लागणं हे कुणालाही जडच जातं. शेवटी आळीने सकाळी कीव करायची आणि दुपारच्या चहाला नावं ठेवायची अशी विभागणी केली, आणि ती सुरळीत चालली.

मग चैत्र आला. आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू शुक्रवारी असतं. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, आणि केसांत माळायला सुरंगीचा गजरा, ज्याला आम्ही वळेसर म्हणतो. पेच इथेच पडला. कुसुमताईंना बोलावलं तर त्यांनी वळेसर माळायचा कुठे? वेणी नाही, अंबाडा नाही, पिना टोचायच्या तर कशात टोचायच्या? वळेसर दिला नाही तर सवाष्णीचा अपमान, दिला तर तिला केसांची आठवण करून दिल्याचं पाप. (एरवी ती आठवण त्यांना होत नसावी.) आमच्या पडवीत बायकांनी बराच वेळ विचार केला आणि ताईंच्याच भावना जपण्यासाठी त्यांना बोलावू नये असं एकमताने ठरलं. केस वळेसर पेलण्याइतके झाले, की बोलावणं आपोआप सुरू होणार होतं. यात आकस कुणाचा नव्हता. ठरवताना दोघींच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

बोलावणं आळीभर फिरलं, आठल्यांचं दार तेवढं सोडून. गुरुवारी संध्याकाळी कुसुमताई गडग्याशी आल्या. मी पडवीत वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे निदान तोंडापुढे धरलेलं होतं.

"वहिनी, उद्या किती वाजता येऊ?"

कमला म्हणाली, अगं, तुला एवढ्यात दगदग नको, मी डाळ आणि पन्हं घरी पाठवते ना.

"डाळ मी करते घरी," ताई म्हणाल्या. "मला तुमच्यात येऊन बसायचंय. वर्ष होत आलं वहिनी, माझ्याकडे सगळ्या येतात. मला कुणी बोलवत नाही."

कमला बघू म्हणाली आणि पदराने गडगा पुसू लागली. गडगा पुसायचं तसं काही कारण नव्हतं.

शुक्रवारी माजघर बायकांनी भरलेलं असताना कुसुमताई आल्या. डोक्याला रुमाल नव्हता. जांभळी इरकल, कपाळावर ठसठशीत कुंकू, वर ते बोटभर कुरळे केस, आणि हाताला धरून आणलेल्या गंगाकाकू. आलवण नेसलेल्या गंगाकाकू, हळदीकुंकवाला. अशा प्रसंगी काय करावं याबद्दल आमच्याकडे कसलीही तरतूद नाही, त्यामुळे कुणी काहीच केलं नाही. कोपऱ्यातल्या दोघींनी सरकून जागा दिली, ती केवळ गोंधळून.

कमला तबक घेऊन पुढे झाली ती सवयीने. ताईंना कुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि तिचा हात वळेसरावर जाऊन थांबला. सगळं माजघर बघत होतं. आळीच्या अंदाजाप्रमाणे आता ताईंना केसांची आठवण होऊन रडू यायला हवं होतं. ताईंनी तबकातला वळेसर स्वतःच उचलला आणि गंगाकाकूंच्या मनगटाला बांधला.

काकूंनी मनगट नाकाशी नेलं आणि किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या. तेराव्या वर्षानंतर त्यांच्या अंगाला फूल लागलेलं नव्हतं.

"वास तोच आहे हो," त्या म्हणाल्या.

मी दाराआड उभा होतो.

काकूंना अलीकडे ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या हळू बोलतात तेही रस्त्यापर्यंत जातं. ताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "गो कुसुम, तिथं दुखतं का गो अजून? झोप लागते?"

ताईंनी काकूंच्या मनगटावरचा वळेसर सारखा केला. मग म्हणाल्या, "कुशीवर वळलं की दुखतं काकू. झोप नाही लागत. परत आलं तर, असं वाटत राहतं."

आणि रडल्या. वर्षभर सगळी आळी येऊन धीर देऊन गेली तेव्हा जी बाई रडली नाही, ती आमच्या माजघरात, ऐन हळदीकुंकवात, त्या म्हातारीच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. काकू त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. केस किती वाढलेत हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आळीला हे आवडलं नाही, आणि ते योग्यच होतं. सणासुदीला असले प्रश्न विचारायचे असतात का? शेवटी कमलानेच प्रसंगावधान राखलं. ती म्हणाली, "पण कुसुम, कुरळे शोभतात हो तुला." सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं, डाळ वाढली गेली, आणि ती कमी पडली.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. ताईंचे केस खांद्यापर्यंत आले आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हळूहळू सरळही झाले. (पार्लरचा खर्च झेपेना, असं कमलाचं मत आहे.) यंदाच्या चैत्रात त्यांना रीतसर बोलावणं गेलं आणि वळेसर दोन पिनांत व्यवस्थित बसला. गंगाकाकूंना बोलावणं नव्हतं, त्यांच्या केसांची परिस्थिती जैसे थे असल्यामुळे. प्रकरण निकाली निघालं असून समाचाराचं खातं सध्या पोंक्ष्यांच्या गुडघ्याकडे वळलेलं आहे. परवाच ताई तपासणी करून मुंबईहून परत आल्या. कमलाने गडग्यावरून केस बघितले आणि छान आहेत असा निर्वाळा दिला.

इथे गोष्ट संपली, असं वाटून तुम्हाला बरं वाटलं असेल. केस गेले, केस आले, वळेसर बसला. तपासणीत काय निघालं ते मला माहीत नाही. कमलालाही नाही. ताई गडग्याशी काही सांगायला थांबल्या होत्या म्हणे, पण हिने स्टोव्हवर दूध ठेवलं होतं. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत? इतका वेळ केस कधी येतात तेवढंच बघत बसलात ना? वाईट वाटून घेऊ नका. आमच्या आळीत आठल्यांच्या समोरचं एक घर रिकामं आहे. राहायला या. घर हवेशीर आहे, आणि गडगा बुटका असल्याने पलीकडचं सगळं दिसतं.