करड्या कोटाची मंजुरी

सकाळी सव्वादहाला ग्रंथपाल लाँड्रीच्या दारात उभा राहिला. टाय नीट, बूट चकचकीत. अंगावर कोट तेवढा नव्हता.

"काकू, माझा करडा कोट द्या. अकराला मुलाखत आहे. बारा वर्षांनी बढतीची पाळी आलीय हो!"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका संगणकाकडे पाहत होते. मागे दीडशे कपडे एकसारख्या काळ्या पिशव्यांत लटकत होते. पूर्वी प्रत्येकावर चिठ्ठी असायची. पण गेल्याच आठवड्यात काकांनी मोठाल्या कारखान्यांत असतं तसलं अवाढव्य सॉफ्टवेअर घेतलं आणि चिठ्ठ्या केरात गेल्या. आता कुठला कपडा कुठल्या खुंटीला, हे फक्त त्यालाच ठाऊक.

"खुंटी सांगत नाहीये," काका म्हणाले. "आधी विभागप्रमुखाची मंजुरी हवी म्हणतंय."

"विभागप्रमुख कोण?" काकूंनी विचारलं.

"मीच."

"मग द्या की! अडलंय कुठे?"

"अगं, अर्जही मीच केलाय ना! आपल्याच अर्जाला आपण मंजुरी द्यायची नाही. घोटाळे होतात म्हणे."

"माणसं दोन, त्यात कसले घोटाळे? अहो, तुम्ही विभाग तरी किती केलेत?"

"नऊ," काका हळूच म्हणाले. "रिकामे रकाने बरे दिसेनात."

शेवटी काकांनी काकूंना विभागप्रमुख केलं.

"तुमची बढती झाली काकू, आता माझं बघा!" ग्रंथपाल कळवळला.

पण सॉफ्टवेअरचं म्हणणं पडलं, की नव्या प्रमुखाने आधी प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहावा. चाळीस मिनिटांचा.

काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या पिशवीची चेन ओढली. "व्हिडिओ तुम्ही बघा, माझ्या नावाने."

"ही लबाडी झाली!"

"मग डोळे मिटून बघा."

एकसष्टाव्या पिशवीत कोट सापडला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. एक हात बाहीत, दुसरा हवेत, अशा थाटात ग्रंथपाल पळाला.

"अहो, थांबा!" काका मागून ओरडले. "मंजुरीशिवाय गेलात तर नोंदीत तो कोट कायमचा दुकानातच राहील!"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "त्यांच्या अंगावर असला म्हणजे झालं."

दुपारी काकूंची भाची आली. तिने वेबवरचं एक इवलंसं ॲप करून दिलं. दोनच रकाने: पावतीचा नंबर आणि खुंटीचा नंबर. फोनवरही उघडायचं. ग्रंथपालाला बढती मिळाली, त्याने वाचनालयाचे बत्तीस पडदे धुवायला टाकले, तेही क्षणात सापडले.

काकांचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. "लगेच सांगून टाकतं सगळं. मला काही विचारतच नाही," ते म्हणायचे. दोन दिवस धड जेवलेसुद्धा नाहीत. काकूंनी गुपचूप भाचीला फोन लावला.

"त्या ॲपवर 'मंजूर' असं एक बटण लाव गं. मोठं, हिरवं."

"लावते मावशी. दाबल्यावर काय व्हायला हवं?"

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "यांना बरं वाटायला हवं."