रॉकेटसाठी कॅरियर

जगातली कोणतीही वस्तू दिसली की सुभानभाई आधी ती सायकलच्या कॅरियरवर कशी बसेल ते बघत. बोकड, पेटी, शिलाई मशीन, काहीही. आमच्या हेडमास्तरांच्या सासूबाई पहिल्यांदा आर्णीत उतरल्या, तेव्हाही त्यांना एकदा नीट न्याहाळून सुभानभाई माझ्या कानाशी लागले, "दोन सळया जास्त लागतीन."

त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मी तेव्हा शाळेत नवाच मास्तर. संध्याकाळी हवा भरायला थांबे आणि त्यांना पेपर वाचून दाखवी. एकदा पेपरात फोटो आला. केरळात समुद्रकाठी आपल्या देशाचं रॉकेट उडणार होतं आणि त्याचा एक भाग एक माणूस चक्क सायकलच्या कॅरियरवरून नेत होता. मला हसू आलं. सुभानभाई भडकले.

"दोरी पायली का मास्तर? दोरीनं बांधलं! खड्ड्यात चाक गेलं तं चंद्र राह्यला बाजूले, रॉकेट नालीत!"

महिनाभर गिऱ्हाइकांची पंक्चरं तुंबली आणि रॉकेटचं कॅरियर तयार झालं. जाड सळया, जुन्या ट्यूबची गादी, चामड्याचे पट्टे. दूधवाल्यानं ते आपल्या सायकलसाठी मागून पाहिलं. "हात नको लावू," सुभानभाई म्हणाले, "सरकारी माल हाय." पुढचाही विचार झालेला होता. "चंद्रावर हवा नाही म्हनते. म्हंजे पंप बेकार. तिथं भरीव टायरच लागन. लिहा सरकारले. इंग्रजीत लिहा. पैसे नको म्हना, फक्त माप पाठवा."

मी लिहिलं. रजिस्टर करायला निघालो आणि पोस्टाच्या पायरीवरून परत फिरलो. दिल्लीतले साहेब हसतील, आणि खाली सही माझी! मला सुभानभाईंची लाज वाटली. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. पत्र चुलीत घातलं आणि त्यांना म्हणालो, "गेलं."

मग रोजचं सुरू झालं.

"आलं काय जी उत्तर?"

"अजून नाही."

"येईन. मोठं काम हाय त्यायचं. फुरसत पायजे ना!"

असं ते म्हणाले की माझा पाय निघत नसे. अपराध्यासारखा बाकावर बसे, चहा येई, तास निघून जाई. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी कॅरियरला तेलाचा हात फिरे. तीन वर्षं मी ते खाली मान घालून पाहिलं.

माझी बदली पांढरकवड्याला झाली. मोटार सुटायला अर्धा तास होता. निरोप घ्यायला दुकानात गेलो, ट्रंक खाली ठेवली आणि एका दमात बोलून टाकलं, "सुभानभाई, ते पत्र मी पाठवलंच नव्हतं."

ते एक वाकडं चाक फिरवून सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "मालूम हाय. पोस्टातल्या बाबूची सायकल मायाकडंच येते. आठ दिवसांत समजलं."

"मग रोज काहून विचारत होते?"

त्यांनी फिरतं चाक हातानं थांबवलं.

"बेगम गेली तवापासून दुकान बंद करून घरी जावं वाटत नाही, मास्तर. खरं बोलनारे हवा भरते आन् चालले जाते. तुमी खोटं बोलले, म्हनून घंटाभर बसत होते."

स्टँडावरून पांढरकवड्याच्या मोटारीचा हॉर्न ऐकू आला. पुढची मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी ट्रंक भिंतीशी सरकवली आणि बाकावर बसलो.