चप्पल लाइनीत, मालूबाई सावलीत

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोक्यावर न बसता सासरी परत जाते म्हणजे काय? दापोऱ्याच्या मालूबाईला हे मुळीच मंजूर नव्हतं. दारापुढे कडुलिंबाचं झाड होतं तोवर हा प्रश्न कधी उठला नाही. आखाजी आली की फांदीला दोर पडायचा आणि गल्लीतल्या साऱ्या लेकी आभाळाला पाय लावून यायच्या. पण रस्ता रुंद करायचा म्हणून सायबलोकांनी लिंब आडवा केला. लिंब एका दिवसात गेला, रस्ता अजून आला नाही. आपल्याकडे तोडायचं काम नेहमी वेळेवर होतं.

लेक प्रतिभा नाशकात चौथ्या मजल्यावर राहायची. तिथं झोका बांधायचा तर कशाला, कपडे वाळत घालायच्या तारेला? ती म्हणाली, "राहू दे ना आई. झोक्यावाचून काय अडलंय?"

हेच मालूबाईला लागलं. आज झोक्यावाचून अडत नाही म्हणणारी लेक उद्या माहेरावाचून अडत नाही म्हणेल. आणि संध्याकाळच्या गाडीने तर ती निघायची होती.

"आई, टेन्शन मत ले," रितेश म्हणाला. रितेश म्हणजे मालूबाईचा धाकटा, केळीच्या गाडीवर असायचा आणि निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचा. "इच्छापूरच्या रोडवर नवीन पार्क खुललाय ना. तिथं एक मोठं जहाज हाय, इधर से उधर झूलतं. पन्नास माणसं एकदम."

"म्हंजे झोकाच की."

"झोकाच समज."

"मंग चाल."

पार्कच्या फाटकातून आत गेल्यावर मालूबाईला पहिल्यांदा कळलं, की आखाजीला लेक माहेरी आलेली ती एकटीच आई नाही. तापीकाठची सगळी गावं लेकी-जावयांसकट तिथं लोटली होती. जहाज दिसत होतं, आभाळात जाऊन येत होतं, वरच्या बाया किंचाळत होत्या. पण जहाज आणि मालूबाई यांच्यामध्ये लोखंडी पाइपांतून सात वळणं घेत गेलेली लाइन होती. वर छप्पर नाही. वैशाखाचं ऊन. पाइपाला हात लावला तर भाकरी भाजल्यासारखा चटका. शेजारी मात्र दुसरी वाट होती, तिच्यावर हिरवं कापड, पंखे आणि थंड पाण्याचा फवारा. त्या वाटेत चिटपाखरू नव्हतं.

"ही वाट रिकामी हाय की!"

"ती गोल्डवाल्यांची," रितेश म्हणाला. "जास्त पैसे दिले की हातात सोनेरी पट्टी बांधतात. लाइन नाही, काही नाही, सीधा जहाजात. घेऊ का आपल्याला? लेक आलीय, होऊ दे खर्चा."

मालूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने खिशातला हात गुपचूप बाहेर काढला.

"इच्छादेवीच्या दर्शनाले मी कधी वशिल्यानं नाही गेली. देवीपुढं लाइनीत उभी राहिली, अन् या लोखंडाच्या नावेपुढं काहून घुसू? ज्याच्या पायात दम नाही त्यानं पट्टी बांधावी."

बाणा चांगला होता. पण लाइन दहा पावलं सरकेपर्यंत प्रतिभाचा चेहरा लालबुंद झाला. पुढे एका म्हाताऱ्याला घेरी आली, मागे दोन जावयांची जुंपली. मालूबाईने पदराने घाम पुसला आणि तिला एकदम सुचलं. ही अडचण काही नवी नव्हती. युरियाच्या लाइनीत हेच असतं!

सरकारने शेतकऱ्याला खत वेळेवर दिलं नाही, पण लाइनीत उभं राहण्याची विद्या मात्र पक्की शिकवली. सोसायटीपुढे माणूस उभा राहत नाही, त्याची चप्पल उभी राहते. तीही एकच. दुसरी पायात असते, म्हणजे चोराला जोड मिळत नाही. माणूस लिंबाखाली बसून चहा पितो. आपल्या पुढची चप्पल कोणाची आणि मागची कोणाची एवढं ध्यानात ठेवायचं, बस. चपलेला ऊन लागत नाही, चक्कर येत नाही, आणि ती कोणाच्या बापाला शिवी देत नाही. दुसऱ्याची चप्पल पायाने मागे सरकवणारा माणूस दापोऱ्यात अजून जन्मायचा आहे.

"चप्पल काढ," मालूबाई म्हणाली.

"आई, नको ना गं. लोक हसतील," प्रतिभा कुजबुजली.

"लोक उन्हानं मरून राहिले, हसायले जीव कोणात हाय? काढ."

तीन चपला फरशीवर ओळीने लागल्या. मागे इच्छापूरची गोदाबाई होती, दोन सुना आणि नातवंडं घेऊन आलेली. तिने क्षणभर पाहिलं.

"युरियासारखं का वं, बाई?"

"तसंच."

"अरे मग एवढा वेळ काहून नाही सांगितलं?" गोदाबाईने आपली निळी चप्पल मालूबाईच्या चपलेमागे ठेवली आणि सुनांना ओरडली, "चला गं, काढा!"

पुढे नेपानगरकडचा एक जण होता. त्यानेही बूट काढला. मग काय, वणवा पेटावा तशी गोष्ट सातही वळणांत गेली. पाहता पाहता लाइनीत माणूस उरला नाही. चामडी, रबरी, टाचेच्या, बटणाच्या, लेकरांच्या वाजणाऱ्या, सगळ्या चपला शिस्तीत उभ्या. माणसं बांबूच्या बेटाखाली. डबे उघडले गेले. सांजोऱ्या इकडून तिकडे गेल्या, तिकडून कैरीचं लोणचं आलं. मघाशी भांडणारे दोन जावई एकाच ताटात जेवले.

जहाजापाशी धर्मेंद्र नावाचा गार्ड होता. डोईफोडिया गावचा पोरगा, घरी दोन एकर कपाशी. त्याला काही समजावून सांगावं लागलंच नाही. फेरी संपली की तो हाक मारायचा, "पुढच्या पन्नास चपला, या!" माणसं लंगडत यायची, आपली चप्पल पायात घालून जहाजात चढायची, आणि मागच्या चपला तो काठीने हळूच पुढे सरकवायचा, मेंढरं हाकावीत तशा. धक्का नाही, रेटा नाही. पार्क उघडल्यापासून एवढी गुण्यागोविंदाची लाइन त्याने पाहिली नव्हती.

मालूबाई सावलीत बसून ताठ मानेने बघत होती. "पाह्य, तुझी आई," ती लेकीला म्हणाली, "पार्कवाल्याले शिकवून राहिली."

"गाडी चुकायला नको म्हणजे झालं," प्रतिभा म्हणाली, पण हसत होती.

तेवढ्यात मॅनेजर आला. हा इंदूरचा, गळ्यात टाय, ऑफिसात थंड हवा. गोल्डवाल्या पाहुण्यांना घेऊन तो जहाज दाखवायला निघाला होता. पाहतो तर लाइन रिकामी, आणि जमिनीवर नजर पोचेल तिथवर जोडे.

"ये क्या कचरा है?" तो गरजला. "धर्मेंद्र! लोग कहाँ गए?"

"साहब, यही लोग हैं।"

"पागल हो गया क्या? उठवाओ सब!"

"साहब, नंबर लगे हुए हैं. मत उठाओ, झगडा हो जाएगा।"

पण टाय घातलेला माणूस काठीवाल्याचं ऐकेल तर तो मॅनेजर कसला! सफाईवाल्यांनी दोन ढकलगाड्या आणल्या आणि फावड्याने चपला भरायला सुरुवात केली. बांबूखालून पहिली किंकाळी गोदाबाईची आली. मग सगळा मेळाच उठला. पण धावणार कसे? प्रत्येकाचा एक पाय चपलेत आणि दुसरा तापलेल्या फरशीवर. शेकडो माणसं एका पायावर उड्या मारत ढकलगाड्यांच्या मागे लागली. ढकलगाड्या पुढे, लंगडी घालणारी जनता मागे. सोनेरी पट्टीवाल्या पाहुण्यांना वाटलं हाही एखादा खेळच असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरने घाबरून सगळा ढीग ऑफिसच्या खिडकीत ओतला आणि भोंग्यावरून सांगितलं, "कृपया अपनी-अपनी चप्पल काउंटर से ले जाएँ।" एकच खिडकी, आत एकच मुलगी, आणि ती प्रत्येकाला विचारायची, "कौन सी?" कोणी म्हणालं काळी, तर काळ्या दीडशे. झालं! बघता बघता त्या खिडकीपुढे पार्कातली सर्वांत लांब लाइन लागली. पाळणे थांबले, घसरगुंड्या ओस पडल्या. आणि ते मोठं जहाज एकटंच उन्हात तरंगत राहिलं.

रितेश धापा टाकत आला. "आई! जहाज खाली है! कोई नहीं! चप्पल गेली उडत, अभी बसून घे. पंधरा मिनिटांत निघालो तर गाडी मिळते."

प्रतिभाने आईचा हात धरला. धर्मेंद्रने फाटक उघडून धरलं. "या ना मावशी. आता कोण विचारतंय?"

मालूबाई दोन पावलं गेली आणि थांबली. चपलांच्या लाइनीत तिच्या पुढे नेपानगरवाल्याचा बूट होता. त्याच्या पुढे कोणाची तरी लाल बटणाची, तिच्या पुढे अंगठा तुटलेली. ती सगळी माणसं खिडकीपुढे उन्हात उभी होती. लेकीचा झोका समोर, गाडी डोक्यावर, वाट मोकळी. आणि मघाशी पोराला काय सुनावलं होतं, तेही अजून तोंडात गरम होतं.

"आपला नंबर नाही आला," ती म्हणाली.

"आई, अगं चपलाच राहिल्या नाहीत!"

"चपला गेल्या, नंबर कोठी गेला? लोकायचा नंबर खाऊन लेकीले झोका देऊ? असा झोका तुले गोड लागंल का?"

प्रतिभाने रिकाम्या जहाजाकडे पाहिलं, मग आईकडे. "नाही लागणार," ती म्हणाली. आणि रितेशने कपाळावर हात मारला.

मालूबाई जहाजाच्या पायऱ्यांवर चढली. चाळीस वर्षं केळीच्या मळ्यात या बांधावरून त्या बांधाला हाक घालणारा गळा तो. भोंग्याची गरज नव्हती.

"ओ माणसंऽऽ! खिडकी सोडा! चप्पल मंग भेटंल! आपली लाइन इथं हाय! ज्याले आपल्या पुढचा याद हाय त्यानं त्याच्या मागं उभं राहा!"

खिडकीपुढच्या साऱ्या माना वळल्या. मग कोणी तरी म्हणालं, "माझ्या पुढं वाजणारी चप्पल होती, लेकराची!" "ती आमच्या पोराची, या!" "अंगठा तुटलेला कोण?" "मी, मी!" "माझ्या मागं इच्छापूरची निळी!" "आली, आली, पाय भाजून राहिला बाप्पा!" पुढच्याने मागच्याला ओढलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. चपलेवाचून, पट्टीवाचून, पोलिसावाचून सातही वळणं जशीच्या तशी भरली. मॅनेजर टाय सैल करून बघत राहिला.

"साहब," धर्मेंद्र छाती फुगवून म्हणाला, "ये हमारी तरफ के लोग हैं।"

गोल्डवाल्यांपैकी एका बाईने हातातली पट्टी काढून पर्समध्ये टाकली आणि लाइनीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. बाकीच्यांनी तेवढी लाज दाखवली नाही. ते पंख्याखालीच बसले, कारण आता धर्मेंद्र त्यांच्या बाजूचं फाटक उघडायलाच तयार नव्हता.

नंबर दुसऱ्या फेरीत आला. गाडी पकडायची तर फेरी हीच. पुढच्या नेपानगरवाल्याने स्वतःहून टोकाची जागा दिली. "ताई, सगळ्यात उंच इथूनच जाते. लेकीला बसवा." प्रतिभा बसली आणि तिने आईचा पदर धरून तिलाही ओढलं. "तूही."

"मी कायले? झोका लेकीचा असतो."

"तू कोणाची लेक नाहीस का?"

मालूबाई बसली. दांडा खाली आला, जहाज हललं. पहिल्या हेलकाव्याला खालची लाइन दिसली, दुसऱ्याला तापीचं पाणी. प्रतिभा दहा वर्षांच्या पोरीसारखी ओरडायला लागली, हात वर करून, केस मोकळे सोडून. मालूबाईचं मन भरून आलं. तिसऱ्या हेलकाव्याला मात्र पोटातली सांजोरी गळ्यापाशी आली. चौथ्याला तिने डोळे गच्च मिटले आणि दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. इच्छादेवीला मनातल्या मनात नारळ कबूल झाला. पाचव्याला दोन झाले.

जहाज हळू होऊ लागलं. सुटलो, असं ती म्हणणार एवढ्यात खालून धर्मेंद्रचा आवाज आला.

"मावशी! तुमच्यासाठी एक फेरी जास्तीची! आपल्याकडून! चालवू का?"

मालूबाईने एक डोळा उघडला. खाली सातही वळणं मान वर करून तिच्याकडे बघत होती. गोदाबाई हात हलवत होती. मॅनेजर बघत होता. पंख्याखालचे गोल्डवालेसुद्धा उभे राहून बघत होते.

"आई, थांबवायला सांगू?" प्रतिभाने हळूच विचारलं. "घाबरलीस ना?"

"मी?" मालूबाई म्हणाली. आवाज फुटेना, तो तिने ओढून आणला आणि मळ्याच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल एवढा सोडला. "होऊ दे रे पोरा! जोरात होऊ दे!"

आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.