भांडणाची सतरंजी

आमच्या शाळेत भांडण जुंपलं की शिरसाठ सर काखेत सतरंजी घेऊन हजर. भूगोलाचा हा माणूस एखाद्या दिवशी चष्मा घरी विसरेल, सतरंजी नाही. ती अंथरायची, भांडणाऱ्यांना गोल बसवायचं आणि म्हणायचं, "आधी बूड टेकवा. कोन चुकलं ते नगं, कोनाचं काय मोडलं ते सांगा."

एकदा टीव्ही सेंटरच्या चौकात दोन रिक्षावाले एकमेकांची गचांडी धरून उभे होते. सरांनी त्यांनाही फूटपाथवर बसवलं. तासाभराने तिघं चहा पीत होते आणि मागे वाहतूक तुंबली होती. हा किस्सा स्टाफरूममध्ये नक्कल करून सांगण्यात मी सगळ्यांत पुढे. मी छडी कधी वापरली नाही. माझी जीभच पुरते, असं मी अभिमानाने सांगायचे.

आठवीतली रेणुका फुलंब्रीहून एसटीने यायची आणि रोज उशिरा पोचायची. एक दिवस मी भर वर्गात म्हटलं, "शिकायचं नसेल तर जा, मेंढरं राख." वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून रेणुका यायची बंद झाली.

आठवड्याने शिरसाठ सर फुलंब्रीला जाऊन तिला आणि तिच्या आईला घेऊन आले. सतरंजी अंथरली. मला वाटलं, आता पोरीला समज देतील. सर म्हणाले, "बाई, तुमीबी बसा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पोरांसोबत कधी खाली बसले नव्हते. रेणुका मान वर न करता बोलली. "माझा बाप मेंढरंच राखतो. रोज इचारतो, आज बाईनी काय शिकवलं. त्या दिवशी म्या पहिल्यांदा त्याला खोटं सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," मी पुटपुटले.

"आता काय केलं म्हंजी भरून निघंल?" सरांनी तिला विचारलं.

"वर्गात म्हणल्या व्हत्या. वर्गातच सांगा."

सांगितलं. या वेळी कुणीच हसलं नाही, त्याची जास्त लाज वाटली. रेणुका आपल्या बाकावर जाऊन बसली.

बाहेर आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "सर, हे खूळ कुठून आणलंत?"

सर थांबले. "माझी लेक माझ्याच वर्गात व्हती. एका नदीचं नाव चुकली, तर म्या सगळ्यांसमोर मुस्काटात दिली. आता नाशकात नोकरीला हाय. चारदा जाऊन माफी मागितली. जेवायला वाढती, अन् वाढून झालं की आत जाऊन बसती."

मी त्यांच्या काखेतली सतरंजी माझ्याकडे घेतली.

"तुमच्याशी पोरगी बोलली तरी, बाई," सर म्हणाले.