मानाजी नाईक पडद्यावर बोलिले त्याची हकीकत
श्रीशारदा लेखणीस साह्य असो. शके एकोणीसशें सोळा, भाव नाम संवत्सर, पौष मासीं एके राज्यीं वर्तमान जाहालें तें ऐसें जे, राज्याचे सरहद्दीवरील बर्फाचे खिंडींत पस्तीस वर्षांमागें थोर युद्ध जाहालें, त्यांत मानाजी नाईक वाघचौरे चौकीवर कामास आले. पुढें पांचां वर्षांनीं त्या लढाईचा चित्रपट निघाला, काळापांढरा, आवाजास खरखर. परंतु लोकप्रीति ऐसी कीं रंगीत चित्रपट कितेक आले आणि आठवडियांत गेले, हा मात्र दरसाल विजयदिनीं दोन प्रहरीं मानाजींचे कसब्याचे थेटरांत लागे, आणि लोक मुलांमाणसांसह येत, आणि युद्धकाळीं जो जन्मलाही नव्हता तो संवाद तोंडपाठ म्हणे, आणि शेवटीं मानाजी निशाण छातीशीं धरोन लांब भाषण करून देह ठेवीत, तेव्हां अवघें थेटर उभें राही.

कसब्यांत एकच असामी तो चित्रपट पाहात नसे: हवालदार रायाजी शितोळे, मानाजींचे जोडीदार, त्या चौकीवरून जिवंत उतरले ते एकटेच. कारण ऐसें जे, चित्रपटवाले पुसावयास आले, "शेवटी नाईक काय बोलले?" तेव्हां रायाजींस खरें सांगवेना, आणि "पुष्कळ बोलले, मुलखाचं बोलले," ऐसें तोंडावाटे निघोन गेलें, आणि त्यावरून भाषण रचिलें गेलें. तेव्हांपासोन विजयदिन आला कीं अन्न गोड लागेना, आणि पहांटेच डोंगरास जावें, दिवेलागणीस परतावें, ऐसा शिरस्ता पडला.

त्या सालीं रायाजी वहाणा घालीत असतां मानाजींच्या मातुश्री येसाबाई दारीं येऊन उभ्या राहिल्या. वय ऐशीं, दोहीं डोळ्यांत मोतीबिंदू. बोलिल्या, "रायाजी, औंदा मला दिसत न्हाई बाबा. शेजारी बस आन् पडद्यावर काय चाललंय ते सांग." रायाजी बोलिले, "मावशी, मला काम आहे." त्या बोलिल्या, "तीस वर्सं तुला त्याच दिशी काम निघतंय." मग उपाय राहिला नाहीं.

थेटरांत रायाजी खुर्चीस पाठ टेकीनात, कधीं वहाण काढावी, कधीं घालावी, दाराकडे पाहावें, आणि अधींमधीं सांगावें, "आता तोफा आल्या. आता मानाजी चौकीत शिरला." पडद्यावरील मानाजी उंच, गोरा, बर्फांत उघड्या हातीं बंदूक धरी, तें पाहोन रायाजींचीं बोटें ठणकों लागलीं, कीं खऱ्या थंडींत कातडी लोखंडास चिकटे. मग भाषण सुरू जाहालें, आणि पांचशें माणूस एका सुरांत तें म्हणों लागलें, आणि येसाबाईही म्हणों लागल्या. रायाजी उठले, बसले, फिरोन उठले, आणि मग बाईंच्या कानाशीं लागोन बोलिले, "मावशी, हे खोटं आहे. त्याला गोळी लागलीच नाही. तीन दिवस जागा होता. मीच म्हटलं, झोप घटकाभर, मी राखतो. आणि माझाही डोळा लागला. उठून बघतो तर तो गारठून गेलेला. ते बोलणं माझ्या थापेतून निघालं."

भाषण संपलें. लोक टाळ्या पिटीत होते. येसाबाई पदरें तोंड पुसोन बोलिल्या, "त्यानं भाषण केलं न्हाई, हे मला पैल्याच खेळाला कळलं. माझं लेकरू तोतरं होतं रे. आई म्हणाया तीनदा अडकायचं."

रायाजी चपापले, कीं मानाजींसवें तीन वर्षें एका राहुटींत काढिलीं, आणि आईस हें कळेल ऐसें आपणांस कधीं सुचलें नाहीं. बोलिले, "मग दरसाल येता कशाला?"

"वर्सातनं एकदा सरळ बोलतो, ते ऐकाया."

मग बाईंनीं पुसिलें, "झोप म्हणालास, तवा त्यो काय म्हणाला?"

रायाजी बोलिले, "ब-ब-बरं, म्हणाला."

येसाबाईंनीं रायाजींचा हात चांचपोन धरिला आणि बोलिल्या, "हां. ह्यो माझा."

सारांश, चित्रपट अद्याप लागतो, आणि लोक उभे राहतात. रायाजी दरसाल बाईंस घेऊन जातात. भाषणाचे समयीं बाहेर येऊन पायऱ्यांपाशीं फेऱ्या घालितात, आणि टाळ्या थांबल्या कीं आंत जातात. खरें काय तें दोघांनीं तिसऱ्यास सांगितलें नाहीं. जाहालें इतुकें लिहिलें.