मधाच्या रंगाची आठ दारं

मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांची आठही दारं काढून हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर आडवी घातली, तेव्हा किल्ला सर केल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. कपाटं सासऱ्यांनी केली होती. उभी हयात सुतारकामात घातलेल्या त्या माणसाने लेकीसाठी मेपलचं लाकूड अगदी निवडून आणलं होतं, गोरंपान. रंगाची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "राहू द्या बाबा, ते माझ्याकडे लागलं." सासऱ्यांनी जावयाच्या खडूने माखलेल्या बोटांकडे बघितलं आणि नुसतं "बरं" म्हटलं. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून जावयाचं कौतुक कधी निघालं नव्हतं. येत्या रविवारी ते काढायचंच, असा मास्तरांनी चंग बांधला.

"मेपल खोडकर असतं म्हणाले बाबा," बायकोने आठवण दिली. "सगळीकडे सारखंच घासायचं."

"वर्गात पन्नास पोरं सरळ करतो मी. आठ दारांचं काय घेऊन बसलीस!"

पहिलं दार त्यांनी अख्खी सकाळ पॉलिशपेपरने घासलं. त्यावरून गाल फिरवून पाहिला, बायकोलाही पाहायला लावलं. एवढी माया आठव्या दारापर्यंत पुरणं शक्यच नव्हतं. ते बिचारं दोन हातांत उरकलं. मग चिंधीने स्टेन लावला, लाकडात मुरणारा मधाळ रंग. गुळगुळीत पहिल्याने तो जेमतेम चाटला, खरखरीत आठव्याने घटाघटा पिऊन टाकला.

"अहो, हे गोरं, ते सावळं. एका आईची लेकरं वाटत नाहीत."

"पहिल्याला अजून एक हात देतो."

पहिलं इतकं गडद झालं की शेजारचं दुसरं आजारी दिसायला लागलं. दुसऱ्याला हात दिला, तर तिसरं रुसलं. असं करत करत बुधवारी आठवंच सगळ्यांत फिकं ठरलं आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून निघाले. गुरुवारी डबा संपला, तेव्हा आठही दारं तंतोतंत सारखी होती. काळी कुळकुळीत.

"मध कुठे गेला?" बायकोने विचारलं.

"सारखी आहेत की नाही, तेवढं बोल!"

"सारखी आहेत," तिला कबूल करावंच लागलं.

मास्तरांनी वरून वॉर्निशचे दोन हात दिले, अगदी श्वास रोखून.

रविवारी सासरे आले. दारांवरून अंगठा फिरवला, वाकून उजेडात तिरकं पाहिलं. मास्तरांचे कान तापले.

"मेपल होतं हे."

"हो बाबा. चुकलंच माझं. पण आठांत डावंउजवं करून दाखवा!"

सासरे पुन्हा पहिल्या दारापासून आठव्यापर्यंत गेले. मग लेकीकडे वळून हळूच म्हणाले, "आपल्या घरी ते शिसवी कपाट आहे ना? तुझी आई येईल त्याला दाखवते ते."

"त्याचं काय?"

"मेपल आहे. लग्नानंतरचं माझं पहिलं काम. चाळीस वर्षं झाली, तिला सांगायचा धीर होत नाही."

"बाबा!"

"त्यातही डावं दार फिकंच राहिलं. नाही जमलं मला." त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा हात माझ्यापेक्षा सरस आहे, जावईबापू. सवडीने या घरी, तेवढं दार करून द्या."

मास्तरांची छाती फुगली. सुतारकामात मुरलेल्या माणसाच्या गांभीर्याने ते म्हणाले, "बघावं लागेल. आधी कितपत घासलंय, त्यावर आहे सगळं."