कान सैल सोडा, पावणं

आमच्या कळंबचे दगडूनाना रिमोट नाकाने चालवतात.

त्यांचाही नाइलाज आहे. त्यांनी मोठ्या हौसेने होम थिएटर आणलं आणि त्याचा रिमोट निघाला टचस्क्रीनचा. एकही बटण नाही, नुसती काच. नानांची बोटं जन्मभर खुरपं-कुदळ धरून अशी घट्ट्यांची झालीत, की काचेला ती माणसाची वाटतच नाहीत. त्यांनी बोटं धुतली, खोबरेल चोळलं, फुंकर मारली. काच ढिम्म. मग वैतागून रिमोट डोळ्यांजवळ नेला, तसं नाक टेकलं आणि घर दणाणलं. तेव्हापासून नाकच.

पण नानांना एकट्याने ऐकून समाधान नाही. दूधवाला दिसो की वायरमन, ते त्याला हाताला धरून आत नेतात आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत बसवतात. "कान सैल सोडा, पावणं," म्हणतात, "आवाज मागनं येतोय." मग नाक खाली जातं. मॅच लागते, सगळं स्टेडियम आपल्या पाठीशी ओरडतं. शेजारी मुलगी बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर उठून, मागे वळून नमस्कार केला.

एकदा सिनेमातल्या ट्रकने हॉर्न दिला आणि नानांची म्हैस दावं तोडून थेट हायवेला लागली. अख्खी आळी तिच्यामागे. धापा टाकत पळताना नाना मला विचारत होते, "पर मागनंच आला व्हता ना आवाज, राव?"

मध्यंतरी मी सकाळीच त्यांच्याकडे फवारणीचा पंप मागायला गेलो. दार उघडं होतं. टीव्हीवर चित्र नव्हतं. खुर्चीत काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, बसल्या होत्या. वर्षभरापूर्वी त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांचं माहेर आहुपे, पार डोंगरात.

खोलीभर पाखरं बोलत होती. एका कोपऱ्यातून शीळ, दुसऱ्यातून तिला उत्तर, आणि मागे कुठेतरी दगडांवरून वाहणारं पाणी. नाना आदल्याच दिवशी आहुप्याहून आले होते. तिथे मुक्काम करून पहाटे देवराईत मोबाइल धरून उभे राहिले होते. खोकला आला तोही गिळला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

काकूंनी हनुवटी जरा वर केली.

"पाणवठा आला का वो?"

"आला," नाना म्हणाले. "टेक जरा. चढून दमली आसशील."